जुन्या लाकडी बारमध्ये घरचा कार्यक्रम करायचाय, अनुभव सांगा

सांजवारा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. छोटासा कार्यक्रम करायचाय, साधारण चाळीस माणसं. भाऊ म्हणतो हॉल घेऊ. मला मात्र तो घराजवळचा जुना बार डोक्यातून जात नाहीये. बाबा तिथे गेली वीस-बावीस वर्षं आठवड्यातून दोनदा जातात, एकच ग्लास घेतात, तासभर बसतात आणि घरी येतात. काउंटरच्या टोकापासून तिसरं स्टूल त्यांचं. जागा तशी साधीच आहे, मोठा लाकडी काउंटर, खाली पाय टेकवायला पितळी दांडा, मागे काळे डाग पडलेला उंच आरसा, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर इनॅमलच्या जुन्या पाट्या आणि कोपऱ्यात एक बंद पडलेला ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र). मागे एक वेगळी खोली आहे, तिथे वाढदिवस वगैरे होतात असं ऐकलंय.

बाबांना जी माणसं खरी ओळखतात त्यातली निम्मी तिथलीच आहेत. हॉलवर ती संकोचून येणारच नाहीत असं वाटतं.

पण अशा जागी कार्यक्रम कधी केलेला नाही. मालकांना काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं, सजावट करायची की नाही, स्पीकर लावायचा का, काहीच कळत नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

पितळी_कडी

मी अकरा वर्षं काउंटरच्या पलीकडून काम केलंय, अशाच एका जुन्या जागेत, त्यामुळे लिहितो.

पहिला प्रश्न हा विचारा की नक्की काय देताय, पूर्ण जागा की फक्त मागची खोली, आणि खोली देत असतील तर मधलं दार बंद होतं का, कारण दार नसेल तर बाहेरच्या टेबलांचा सगळा आवाज तुमच्या भाषणात येतो आणि तुमचा त्यांच्यात जातो. दुसरं म्हणजे पैसे कसे धरतात. दोन पद्धती असतात. एक सरळ भाडं. दुसरी म्हणजे अमुक इतक्या रकमेचं किमान बिल झालंच पाहिजे, कमी झालं तर फरक तुम्ही भरायचा. लहान बारवाले बहुतेक दुसरीच सांगतात कारण त्या संध्याकाळचा नेहमीचा धंदा त्यांनी तुमच्यासाठी सोडलेला असतो. यात काही चूक नाही, पण आकडा आधी ठरलेला हवा आणि तो लिहून हवा. डिपॉझिट, ते परत कधी मिळणार, किती वाजता जागा तुमच्या ताब्यात, किती वाजता शेवटची ऑर्डर, किती वाजता दिवे बंद, हे सगळं एका कागदावर. मालक वीस वर्षांचे ओळखीचे असले तरी कागद कराच, ओळख टिकवायची असेल तर जास्तच करा.

माणसांचा आकडा विचारताना "बसून किती आणि उभे राहून किती" असे दोन आकडे विचारा. चाळीस उभे मावतात तिथे चाळीस बसत नाहीत. आणि तुमच्याकडे वयस्कर माणसं असणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या बारचा काउंटर एका किंवा दोन माणसांच्या हाताला बेतलेला असतो. आमच्याकडे एकदा साठ माणसांचा कार्यक्रम घेतला, मी आणि एक नवा मुलगा, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत साठही जण एकदमच काउंटरवर, प्रत्येकाला वेगळं काहीतरी, मधेच एक जण मिसळलेलं ड्रिंक मागतोय ज्याला पाच बाटल्या उघडाव्या लागतात. अर्धा तास लोक रिकाम्या हातांनी उभे होते, यजमान माझ्यावर चिडलेले, आणि त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, ड्रिंक्सची यादी छोटी ठेवा, चार-पाच प्रकार बास, आणि लोक यायच्या वेळेला पहिला राउंड ट्रेमध्ये भरून तयार ठेवायला सांगा. पुढची सगळी संध्याकाळ सुरळीत जाते.

आठवड्याच्या मधला वार मागा. मालकही खुश, तुम्हालाही पूर्ण जागा मिळायची शक्यता जास्त. आणि भेटायला जाल ते दुपारी किंवा उघडता उघडता, गर्दीच्या वेळी नाही.

कानोसा

स्पीकरबद्दल विचारलंय म्हणून. मी साउंडचं काम करतो.

लाकूड, वीट, काच, आरसा, पत्र्याचं छत. ही सगळी कडक पृष्ठभागांची यादी आहे, आवाज शोषून घेणारं एकही नाही. अशा खोलीत आवाज भिंतींवर आपटत राहतो. यावर पहिलं शास्त्रशुद्ध काम अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी केलं, १८९५ पासून, हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळतच नव्हतं म्हणून. रिकाम्या खोलीत आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागायचे. त्यांनी रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी किती फरक पडतो ते मोजलं. सांगायचा मुद्दा, गादी जे काम करते तेच माणूस आणि त्याचे कपडे करतात, त्यामुळे रिकाम्या बारमध्ये टाळी वाजवून बघाल तर वाटेल फार घुमतंय, चाळीस माणसं आल्यावर ते बरंच कमी होईल.

पण माणसं आली की दुसरी गोष्ट सुरू होते. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, याला लोंबार परिणाम म्हणतात, फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांच्यावरून, त्यांचा लेख १९११ चा. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं, मग तिसरं. यात तुम्ही मोठा स्पीकर आणून मोठ्याने गाणी लावलीत की तासाभरात सगळे एकमेकांच्या कानाशी ओरडत असतात. रिटायर होणाऱ्या माणसाशी बोलायला लोक येणार, आणि त्यांनाच बोलता येणार नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय की वाईट वाटतं.

म्हणून एक मोठा स्पीकर नको. लागलेच तर दोन लहान, खोलीच्या दोन बाजूंना, हळू. भाषणासाठी एक साधा माइक ठेवा आणि भाषणं लवकर उरका, पहिला ग्लास संपायच्या आत. नंतर कुणी ऐकत नाही.

रंधा

सांजवारा, तुमच्या वर्णनावरून फर्निचर खरं जुनं वाटतंय. माझा धंदा जुन्या लाकडाच्या दुरुस्तीचा, तेव्हा सजावटीबद्दल एक कळकळीची विनंती. चिकटपट्टी लावू नका. कुठेच. काउंटरला नाही, आरशाला नाही, पाट्यांना नाही.

जुन्या काउंटरवर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेली. (जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असायच्या ना, त्यातही हीच लाख.) ते दिसायला इतकं सुंदर असतं की दुसरं कुठलंही पॉलिश त्याच्या जवळ जात नाही, पण जे स्पिरिटमध्ये विरघळलं ते स्पिरिटनेच परत विरघळतं. कडक दारू सांडली आणि तशीच राहिली तर पॉलिश मऊ होतं, वर ठेवलेला कागद किंवा पेपर नॅपकिन चिकटून बसतो आणि ओढला की थर घेऊनच निघतो. बऱ्याच बारमालकांनी नंतर वरून वार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचा कडक थर) मारून घेतलेलं असतं, मग काळजी नाही. मालकांना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. चिकटपट्टी मात्र दोन्हीला वाईट.

आरशावरचे काळे डाग म्हणजे घाण नाही. काचेच्या मागे चांदीचा पातळ थर असतो, यामागची रासायनिक क्रिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली, आणि त्या थराला मागून ओल लागली की तो कडेकडेने काळा पडत जातो. डाग पडलेल्या आरशाच्या मागचा थर आधीच सुटत आलेला असतो, त्यामुळे त्यावर फुगे-बिगे टांगून ओढाताण करू नका.

खुर्च्यांचं सांगायचं तर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीचं मूळ म्हणजे फर्निचर बनवणारे मायकेल थोनेट यांची १४ नंबरची खुर्ची, १८५९ ची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढंच. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचे. सुट्टे भाग पाठवून जागेवर जोडायचे, एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या. कॅफे आणि बार या खुर्चीने भरले ते यामुळेच. तुमच्या बारमधल्या खुर्च्या नंतरच्या असतील, पण जोडणी साधारण तशीच असते, म्हणजे स्क्रू ढिले होतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन प्रत्येक खुर्चीवर बसून एकदा हलून बघा. मागे झुलायची सवय असलेला एक तरी पाहुणा असतोच.

सजावट करायचीच असेल तर टेबलावर ठेवण्यासारखी करा. बाबांचे जुने फोटो साध्या फ्रेममध्ये घालून उभे ठेवा, त्या जागेत ते छान मिसळतील.

भिंगरी

फोटोवरून आठवलं. फोटोग्राफर सांगणार असाल तर त्याला आधी जागा दाखवा. असे बार मुद्दाम अंधारे असतात, दिवे पिवळे, २२०० केल्विनच्या आसपासचे, मेणबत्तीच्या जवळ जाणारा रंग. समोर भलामोठा आरसा. फ्लॅश मारला की प्रत्येक फोटोत एक पांढरा गोळा आणि बाकी सगळं काळं. माझ्या बहिणीच्या कार्यक्रमात असंच झालं, दीडशे फोटो आणि त्यातले धड असे दहा. फ्लॅशशिवाय काढणारा माणूस हवा, मोठ्या अपर्चरची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स असलेला. आणि मालकांना सांगून दिवे वाढवू नका, ट्यूबलाइट लावली की त्या जागेचा जीवच जातो.

रोखठोक

वेगळं मत मांडतो. हल्ली "व्हिंटेज" म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं कारखान्यात मुद्दाम जुनं केलेलं असतं. नव्या लाकडाला साखळ्यांनी मारून खड्डे पाडतात, पाट्या छापून त्यावर गंज रंगवतात, तारेचा दिवा म्हणतात तो एलईडी. लोक त्याचेच जादा पैसे देतात. अशा जागेपेक्षा स्वच्छ हॉल परवडला.

रंधा

रोखठोक, तुमचं अर्धं पटलं. खोटं ओळखायचं असेल तर झीज कुठे झालीय ते बघा. खरी झीज माणसाच्या अंगाला जुळते. पितळी दांडा स्टुलांच्या समोर चकचकीत आणि मधल्या जागेत काळपट असतो, काउंटरची कड कोपर टेकतात तिथे गोल झालेली असते, दाराच्या मुठीला एकाच उंचीवर खळगा पडलेला असतो. कारखान्यातलं जुनेपण सगळीकडे सारखं पसरलेलं असतं.

पण एलईडीला नावं ठेवू नका हो. साठ वॅटच्या तारेच्या दिव्याचं काम ती सात-आठ वॅटमध्ये करते आणि जुन्या लाकडी छताखाली तेवढी उष्णता कमी, वायरिंगवर ताण कमी. जुन्या वास्तूत मी तर तीच लावायला सांगतो.

रोखठोक

कोपराची खूण आवडली. आमच्याकडच्या एका जागेत जाऊन बघणार आता.

शांताबाईंची_लेक

मी पीत नाही, माझ्यासारखे तुमच्या चाळिसात आठ-दहा तरी असतील, त्यांच्या बाजूने लिहिते.

मागच्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. पिणाऱ्यांसाठी सगळं नीट मांडलेलं आणि आम्ही विचारलं तर कोपऱ्यातल्या खोक्यातली कोमट बाटली आणि प्लास्टिकचा कप. कुणी वाईट वागलं नाही, पण तो कप हातात घेऊन उभी असताना आपण इथे चुकून आलोय असं वाटत राहिलं. त्यामुळे सांजवारा, बिनदारूचं काय आहे ते आधी ठरवा, तेही चांगल्या काचेच्या ग्लासात, बर्फ घालून, पहिल्या ट्रेमध्येच.

आणि संडास कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. जुन्या बारमध्ये तो बरेचदा खाली किंवा वर असतो, उभा अरुंद जिना, अंधार. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती तीन तास पाणीसुद्धा प्यायली नव्हती जिन्याच्या भीतीने, हे मला घरी आल्यावर सांगितलं. पाठ असलेल्या आठ-दहा खुर्च्या म्हाताऱ्या माणसांसाठी आधीच बाजूला ठेवा, उंच स्टुलावर त्यांना चढता येत नाही.

घरी कोण कुणाला सोडणार हेही आधी ठरवा. न पिणाऱ्यांनाच शेवटी सगळ्यांना सोडायला लावतात, तेही विचारून करा, गृहीत धरून नाही.

तिसरं_टेबल

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, म्हणजे रोजचं गिऱ्हाईक. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

मी जिथे जातो तिथे एका शनिवारी गेलो तर दारावर कागद, आज खाजगी कार्यक्रम. बस्. आत दिवे लागलेले, हसण्याचे आवाज, आणि बाहेर आम्ही चौघं पावसात. त्यातले एक काका पत्नी गेल्यापासून रोज संध्याकाळी तिथे येतात, दिवसभरात त्यांचं कुणाशी बोलणं होत असेल तर तेवढंच. ते काही बोलले नाहीत, छत्री उघडली आणि परत गेले. मला तो कागद अजून आठवतो.

रे ओल्डनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये अशा जागांसाठी तिसरी जागा असा शब्द आणला. घर पहिली, काम दुसरी, आणि ही तिसरी, जिथे आपण कोण आहोत हे सिद्ध करावं लागत नाही, यायचं आणि बसायचं. तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजेच ती जागा, लाकूड नंतर. सांजवारा, तुमचे बाबा पण त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमामुळे दाराबाहेर उभे राहिले असते ना. म्हणून एक करा, कागद आठवडाभर आधी लावायला सांगा, आणि जमलं तर फक्त मागची खोली घ्या, काउंटर उघडा राहू दे. पूर्ण जागाच हवी असेल तर रोजच्यांना बोलावून टाका. असे कितीसे असतात, दहा-बारा.

पितळी_कडी

तिसरं टेबल यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. काउंटरमागून आम्हालाही ते फार जड जायचं. मालक नाही म्हणू शकत नाही कारण एका संध्याकाळचे पैसे महिन्याचा खड्डा भरतात, छोट्या जागांना कार्यक्रम मिळाले नाहीत तर बऱ्याच बंदच पडतील. पण ज्या मालकाने रोजच्यांना आधी तोंडाने सांगितलं, त्याची माणसं दुसऱ्या दिवशी परत आली. नुसता कागद लावला, त्याची काही कायमची गेली.

सांजवारा

सगळ्यांचे खूप आभार. शांताबाईंची लेक, संडासाचं तुम्ही लिहिलं नसतं तर मी बघितलंच नसतं. सात पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला.

काल दुपारी जाऊन मालकांना भेटले. मी विषय काढल्यावर ते जरा वेळ गप्पच बसले आणि मग म्हणाले, तुमचे बाबा रिटायर होतायत हे मला त्यांनी सांगितलंच नाही. मंगळवार ठरलाय. मागची खोली आमची, मधलं दार उघडं ठेवायचं आणि काउंटर नेहमीसारखा चालू. किमान बिलाचा आकडा कागदावर घेतलाय. ड्रिंक्स चार, बिनदारूची दोन, पहिला ट्रे तयार. भाऊ आधी कुरकुरला, मग मी त्याला तिसरं टेबल यांचा प्रतिसाद वाचायला दिला, त्यानंतर त्यानेच रोजच्या मंडळींची यादी मालकांकडून घेतली आणि स्वतः जाऊन प्रत्येकाला सांगून आला.

ज्यूकबॉक्सचं कुणाला माहीत आहे का? आत लहान तबकड्या दिसतात, मोठ्या भोकाच्या.

कानोसा

त्या ४५ आरपीएमच्या, १९४९ मध्ये आलेल्या आकाराच्या. वाजायला लागेल म्हणून प्लग लावू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, एकदम वीज दिली तर आतलं बरंच काही जळू शकतं. जाणकाराला उघडून बघू द्या, तोपर्यंत नुसता पुसून ठेवा.

सांजवारा

काल झाला कार्यक्रम. रात्रीच लिहायचं होतं पण दमले होते.

अडतीस माणसं आणि रोजचे नऊ. भाषणं आम्ही पहिल्या वीस मिनिटांत संपवली, माइक लागलाच नाही. बाबा खोलीत अर्धा तास थांबले, सगळ्यांना भेटले, आणि मग उठून गेले ते काउंटरवर आपल्या स्टुलावर. मला वाटलं कंटाळले. बघते तर एकेक जण खोलीतून उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतोय, दोन मिनिटं बोलतोय, मग पुढचा. बाबांच्या ऑफिसमधले एक साहेब आणि रोज येणारे एक सुतारकाका अर्धा तास एकाच स्टुलावर आळीपाळीने बसत होते. बाबांनी नेहमीसारखा एकच ग्लास घेतला. भिंगरी, फोटो फ्लॅशशिवाय काढले, आरशात बाबांची पाठ आणि समोरून चेहरा असा एक आलाय, तो मोठा करून घेणार आहे.

एकच चिंता. रंधा, मी सगळीकडे लक्ष ठेवलं, पण रात्री निघताना बाबांच्या जागेपाशी काउंटरवर ग्लासाचा पांढरा गोल उमटलेला दिसला. बर्फाचा ग्लास कुणीतरी बराच वेळ ठेवला असणार. मालक म्हणाले काही होत नाही, पण मला राहवत नाहीये. जाईल का तो?

रंधा

पांढरा आहे ना, मग घाबरू नका. पांढरा म्हणजे ओल फक्त पॉलिशच्या थरात अडकलीय, लाकडापर्यंत पोचलेली नाही. पोचली असती तर डाग काळा दिसला असता. आठवडाभर हात लावू नका, कोरड्या हवेत बरेचदा आपोआप फिका पडत जातो. नाहीच गेला तर मालकांना विचारून मला फोटो पाठवा, आडवा उजेड पडेल असा काढा, वरून नको.

तिसरं_टेबल

सांजवारा, त्या नऊ जणांत एक छत्रीवाले काका असते तर किती बरं झालं असतं. आमच्या मालकांना हा धागा वाचून दाखवतोय आज संध्याकाळी.